हेस्टरबाईंची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या भिंगावर आतून बुरशीची नक्षी चढली आहे. कातडी पट्टा उंदरांनी कुरतडून अर्ध्यावर आणला आहे. उजव्या नळीला एक पोचा आहे, पण त्याची गोष्ट मोठी नाही. मी एका जहाजाच्या कठड्यावर आपटले, एवढंच. मोठी होती ती एक दुपार. मित्रांनो, त्या दुपारबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माझा जन्म लंडनमधल्या एका अरुंद गल्लीत झाला. पर्किस नावाचे एक म्हातारे कारागीर ओल्या फडक्यावर तांबडी भुकटी घेऊन माझी भिंगं तासन्‌तास घासत. मालक दारातून डोकावून विचारत, "झालं का हो?" त्यावर पर्किस मान वर न करता म्हणत, "मला काय विचारता? काचेला विचारा." मग त्यांनी माझ्या पोटात लोलक बसवले, पितळी नळ्यांवर काळं कातडं चढवलं आणि मधलं चाक एका बोटानं फिरेल इतकं मऊ करून दिलं. ते चाक अजूनही फिरतं. फिरवणारं कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिली बारा वर्षं मी एका खलाशाच्या गळ्यात, जहाजावर काढली. त्यानं नोकरी सोडली, मला विकलं, आणि मी कँटरबरीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात दोन फुटक्या चहादाण्यांच्या मधे येऊन पडले. तिथून मला हेस्टर टॅप्सेल या बाईंनी उचललं.

हेस्टरबाई केंट परगण्यातल्या ऑक्सनडीन गावच्या शाळेत बालवर्गाला शिकवत. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ अँब्रोज घड्याळं दुरुस्त करायचा, त्याच्याच घरी त्या राहायच्या. त्यांना नाद एकच, पाखरांचा. शाळा सुटली की मला गळ्यात घालून टेकडीवर जायच्या. चंडोल आभाळात चढताना, ससाणा वाऱ्यावर एका जागी थरथरत थांबलेला असताना, टिटव्या नांगरटीवर उतरताना मी त्यांच्या डोळ्यांना लागलेली असे. त्या मुलांना सांगत, "रंगाकडे बघू नका. रंग उन्हात फसवतो. आधी पंखांची ठेवण बघा, मग शेपूट, मग बाकीचं." अशी सोळा वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुखाची वर्षं, असं मी तेव्हा समजत होते.

मग लढाई आली. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि मधल्या खाडीपलीकडून जर्मन विमानं आमच्या डोक्यावर येऊ लागली. आमच्या टेकडीवर वाळूच्या पोत्यांची एक चौकी उभी राहिली. तिथे दोन माणसांनी आळीपाळीनं उभं राहायचं, आभाळात दिसेल ते विमान ओळखायचं, किती आहेत, कुठून कुठे चालली आहेत, किती उंचीवर आहेत ते टेलिफोनवर केंद्राला कळवायचं. समुद्रावरची विमानं किनाऱ्यावरच्या रडार यंत्रांना कळत. एकदा ती किनारा ओलांडून आत आली की माणसांचे डोळे नि कान एवढंच साधन होतं. चौकीवर साधी गावातलीच माणसं असत. आमच्याकडे दिवसपाळीला अँब्रोज आणि गावचा खाटीक सिड फॅग हे दोघे होते.

हेस्टरबाईंनी आपलं नाव दिलं. उत्तर आलं की बायकांची नेमणूक होत नाही.

"अगं, त्यांचा नियम आहे," अँब्रोज बिचकत म्हणाला.

"असू दे. मग माझी दुर्बीण तरी नेमून घ्या," हेस्टरबाई म्हणाल्या. "तिला कोणी बाई म्हणणार नाही."

अशी मी चौकीवर रुजू झाले. सरकारी दुर्बीण यायची होती, ती येईपर्यंत माझ्यावरच भागवायचं होतं. पण मला घेऊन काय उपयोग? अँब्रोजला घरातल्या चिमण्याही नीट ओळखता येत नसत. हेस्टरबाईंनी पुठ्ठ्याची काळी विमानं कापली, दोऱ्यानं छताला टांगली आणि रोज न्याहारीला भावाची परीक्षा घ्यायला लागल्या.

"हे?"

"मेसरश्मिट."

"पंखांची टोकं बघ. छाटलेली आहेत की गोल?"

"गोल."

"मग स्पिटफायर. तू आपल्याच पोराला पाडशील, अँब्रोज. आणि हे? पाठीला कुबड, पंख जाड?"

"हरिकेन."

"आलं बाई एकदाचं. घे, जाम लाव पावाला."

दुपारचं जेवण पोचवायला म्हणून त्या रोज चौकीवर यायच्या. आल्या की घटकाभर थांबायच्या. सिड म्हणायचा, "मास्तरीणबाई, डब्यात काय? पुन्हा बटाटेच? खाटकाला बटाटे खायला घालता, पाप लागेल हो." त्या हसायच्या आणि नकळत आभाळाकडे बघून म्हणायच्या, "ती तीन डॉर्नियर दिसताहेत." सिड मला डोळ्यांना लावायचा, बघायचा आणि अँब्रोजला म्हणायचा, "तीन डॉर्नियर. कळव."

आता लिलबद्दल सांगायला हवं.

चौकीच्या खाली हॉपचा मोठा मळा होता. बिअरला कडवटपणा येतो तो याच हॉपच्या फुलांमुळे. उंच खांबांवर तारा ताणलेल्या आणि त्यांवर वेली चढलेल्या. दर सप्टेंबरला ती फुलं खुडायला लंडनच्या गोदीकडच्या वस्तीतल्या बायका पोराबाळांसह येत आणि पत्र्याच्या खोपटांत महिनाभर राहत. त्यांना ती हवापालटाची चैन वाटे. गावाला मात्र त्यांची कटकट वाटे. दुकानदार त्या महिन्यापुरती गल्ल्यासमोर तारेची जाळी लावत, चोऱ्या होतात म्हणून. सिडनंही लावली होती.

लिल ड्रेज त्या बायकांची पुढारी. आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची. जाळीसमोर उभी राहून ती सिडला म्हणाली होती, "काय रे, जाळी कशाला? तुझ्या मटणाला पाय फुटतात होय? इतकं शिळं मटण आम्ही चोरत नाही, आमची पण काही इज्जत आहे." सगळं दुकान हसलं. सिडही हसला, पण जाळी काढली नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी लंडनच्या गोद्यांवर बाँब पडले. आमच्या टेकडीवरून आभाळाची कड तांबडी दिसत होती. लिलची आई घरीच राहिली होती. गुडघे दुखतात, खोपटात झोपवणार नाही म्हणाली होती. घर गेलं, गल्ली गेली, आई गेली. लिल दोन दिवस जाऊन आली आणि पुन्हा फुलं खुडायला उभी राहिली, कारण परत जायला जागाच उरली नव्हती. गावाच्या सभागृहात हेस्टरबाई जुने कपडे वाटत होत्या. त्यांनी एक लोकरी कोट लिलपुढे धरला. लिलनं तो घेतला, पण म्हणाली, "आभार बिभार मागू नका हं बाई. आज माझ्याकडे शिल्लक नाहीत."

त्यानंतरच्या रविवारची, पंधरा सप्टेंबरची ही गोष्ट. त्या दिवसाला, त्यातल्या हवाई लढाईमुळे, पुढे मोठं नाव मिळालं. आम्हाला तेव्हा तो इतर दिवसांसारखाच वाटला. स्वच्छ ऊन होतं, अधूनमधून ढगांचे पुंजके होते. रविवार म्हणून लंडनहून नवरेमंडळी आपल्या बायकापोरांना भेटायला मळ्यावर आली होती. चुली पेटल्या होत्या. हेस्टरबाई प्रार्थनेहून परस्पर डबा घेऊन चौकीवर आल्या, पायात रविवारचे टाचेचे बूट.

मी सिडच्या हातात होते. दक्षिणेकडून इतकी विमानं आली की सिडचे ओठ मोजता मोजता थांबले. मग आपली विमानं त्यांच्यात घुसली. वरती पांढऱ्या रेघांचं जाळं झालं. आवाज खाली यायला वेळ लागायचा. आधी एखादं विमान वळायचं आणि मग कापड फाटल्यासारखा बंदुकांचा आवाज यायचा. अँब्रोज कानाला टेलिफोन लावून आकडे सांगत होता. त्याचं खिशातलं घड्याळ त्यानं समोर खिळ्याला टांगलं होतं.

मग एक विमान धूर सोडत खाली आलं. त्यातून एक ठिपका सुटला आणि त्याच्यावर पांढरी छत्री उमलली.

"पडला!" सिड ओरडला. "जर्मन पडला!"

"कशावरून?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"कशावरून म्हणजे? काळं आहे की ते!"

"धुरानं काळं झालंय. द्या इकडे ती."

त्यांनी मला सिडच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. एका बोटानं माझं चाक फिरवलं. पडणाऱ्या विमानाचा एक पंख वाटेतच निखळला होता. उरलेलं धड गिरक्या घेत होतं. पाठीला कुबड, उरलेला पंख जाड.

"हरिकेन आहे," त्या म्हणाल्या. "आपला पोरगा आहे तो."

विमान पलीकडच्या उतारावर मेंढ्यांच्या कुरणात पडलं. छत्री मात्र वाऱ्यावर तरंगत थेट हॉपच्या मळ्याकडे निघाली. हेस्टरबाईंनी मला खाली वळवलं. खोपटांमधून माणसं धावत सुटली होती. उंचावरच्या वेली ओढायला लांब काठ्यांना धारदार आकडे लावलेले असतात. त्या आकड्या त्यांच्या हातांत होत्या. सगळ्यांत पुढे लिल होती, अंगात लोकरी कोट.

"ते मारतील त्याला," हेस्टरबाई म्हणाल्या.

"आपला आहे म्हटल्यावर कशाला मारतील?" सिड म्हणाला.

"तुम्हाला काय वाटलं होतं आत्ता? तुम्ही तर दुर्बिणीतून बघत होतात." त्यांनी माझा पट्टा गळ्यात घातला. "अँब्रोज, मी खाली जातेय. दुर्बीण लागेल मला."

अँब्रोजनं टेलिफोनवर हात धरला. "हेस्टर, दुर्बीण चौकीवरून हलत नाही. विमानांची दुसरी फळी येतेय, ऐक, आवाज येतोय तिचा."

तो खरं बोलत होता. दूरवर तो घुमणारा आवाज मलाही ऐकू येत होता. मी तिथे राहिले तर अँब्रोजला विमानं मोजता येणार होती. मी खाली गेले तर कदाचित एक माणूस वाचणार होता. दोन्हीकडे माणसंच होती. एका बाजूची दिसत होती, दुसऱ्या बाजूची दिसत नव्हती. हेस्टरबाई तशाच उभ्या होत्या.

अँब्रोजनं खिळ्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "जा," तो म्हणाला. "मी कानांनी बघतो. दहा मिनिटं. अकरा नाही."

बावन्न वर्षांच्या त्या बाई टाचेचे बूट घालून टेकडी उतरत धावल्या. अर्ध्या वाटेत एक बूट गेला. मी त्यांच्या छातीवर आपटत होते. मळ्यात शिरल्यावर वेलींच्या हिरव्या भिंतींमुळे काही दिसेना, नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. त्या आवाजाच्या रोखानं गेल्या.

छत्री तारांवर अडकली होती. तिच्या दोऱ्यांना एक तरुण जमिनीपासून हातभर वर लोंबकळत होता. तोंड तेलानं आणि काजळीनं काळं, हात भाजलेले, एक पाय विचित्र वळलेला. कोणीतरी त्याच्या खांद्यावर आधीच एक काठी घातली होती. तो काहीतरी ओरडत होता, परत परत तेच. ती भाषा आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

"ऐका, ऐका कसा बोलतोय!" एक पुरुष म्हणाला. "आता नक्की पटलं ना?"

लिलनं आकडी दोन्ही हातांनी धरली होती. तिचं टोक त्या मुलाच्या गळ्यापासून वीतभर होतं. ती ओरडत नव्हती. ती हळू आवाजात त्याच्याशीच बोलत होती. "माझ्या आईला पण ओरडायचं असेल. तिला वेळ मिळाला नाही. तुला मिळाला, हो ना?"

हेस्टरबाई मधे घुसल्या आणि आकडीच्या टोकापुढे उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती.

"हा आपला आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या विमानातून पडलाय. मी पाहिलंय."

"सरका बाई."

"लिल, आपल्या बाजूनं परके लोकही लढताहेत. पोलंडचे आहेत, झेक आहेत. त्यांना आपली भाषा—"

"तुम्हाला काय माहीत?" लिलचा आवाज एकदम चढला. "तुमच्या घराची कौलं जागच्या जागी आहेत! दूध येतंय दारात! तुम्ही आम्हाला कोट वाटा, कोण मारायचा नि कोण नाही ते नका सांगू!"

लिल खोटं बोलत नव्हती. हेस्टरबाईंनी एकदा मागे त्या मुलाकडे पाहिलं. मग वेलींच्या फटीतून पलीकडे पाहिलं. समोरच्या उतारावर विमानाचं धड जळत होतं आणि त्याच्यापासून बराच अलीकडे, गवतात, तो निखळलेला पंख पडला होता. नुसत्या डोळ्यांना तो एखाद्या फळकुटासारखा दिसत होता.

त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि लिलच्या पुढे धरलं.

"मी सांगते म्हणून मानू नकोस. तू बघ."

लिल जागची हलली नाही.

"तू बघ, आणि मग तुला काय करायचं ते कर. मी बाजूला होते."

लिलनं आकडी डाव्या हातात घेतली आणि मला उजव्या हातात. तिनं आयुष्यात कधी दुर्बीण धरली नव्हती. तिनं मला उलटं लावलं.

"काय दिसतंय यात? सगळं मुंगीएवढं!"

एरवी यावर पोरं खिदळली असती. तेव्हा कोणी हसलं नाही. हेस्टरबाईंनी मला तिच्या डोळ्यांसमोर सुलटं केलं आणि तिचे खांदे धरून तिला त्या फटीसमोर वळवलं. मित्रांनो, मी हजारो वेळा डोळ्यांना लागले आहे, पण तो डोळा मी विसरले नाही. तो पाण्यानं भरला होता. माझी काच ओली झाली. डोळ्यात पाणी असलं की मला काहीही दाखवता येत नाही.

"धुकं आहे नुसतं," लिल म्हणाली.

हेस्टरबाईंनी आपल्या रविवारच्या रुमालानं माझी काच पुसली. मग त्याच रुमालाची दुसरी घडी करून लिलचे डोळे पुसले, बालवर्गातल्या मुलाचे पुसावेत तसे. लिलनं पुसू दिले. "आता हे मधलं चाक फिरव. सावकाश. माझ्या डोळ्यांना बसलेलं तुझ्या डोळ्यांना बसणार नाही."

लिलचं खरखरीत बोट माझ्या चाकावर आलं. फुलं खुडून ते काळं पडलं होतं. तिनं चाक फिरवलं, जास्त फिरवलं, परत मागे घेतलं. गवताची पाती स्पष्ट झाली. एक मेंढी स्पष्ट झाली. मग पंख. आणि पंखावर एकात एक गोल, आपल्या विमानांची खूण.

"गोल आहेत," लिल म्हणाली. "निळा. मग पांढरा. मधे लाल."

आकडी तिच्या हातातून पडली. तिनं मला नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं पाहिलं, पुढच्यानं पाहिलं, मी अशी सात-आठ हातांतून फिरले. तोवर लिल ओरडत होती, "सुरी आण रे कोणीतरी! आणि बघत काय उभे राहिलात, खालून उचलून धरा त्याला! पाय मोडलाय त्याचा, दिसत नाही?"

त्यांनी त्याला दोऱ्या कापून खाली घेतलं. लिलनं त्याचं डोकं मांडीवर ठेवलं आणि चुलीवरच्या डब्यातला कोमट चहा घोटघोट पाजला. तो पुन्हा तेच शब्द पुटपुटत होता.

"अरे मेल्या," लिल त्याला म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना, "हेच नीट आमच्या भाषेत सांगता नाही आलं तुला?"

त्याला काही कळलं नसावं. पण त्यानं मान हलवली.

आम्ही चौकीवर परतलो तेव्हा अँब्रोजच्या घड्याळात अठरा मिनिटं झाली होती. दुसरी फळी खूप उंचावरून निघून गेली होती. अँब्रोजनं आवाजावरून बारा विमानं कळवली होती. पुढच्या टेकडीवरच्या चौकीनं मोजली ती एकवीस. त्या नऊ विमानांचं काय झालं, ती न कळवल्यामुळे काही वेगळं घडलं का, हे आम्हाला कधीच समजलं नाही. अँब्रोजनं दोनदा पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो घड्याळ दुरुस्त करता करता मधेच थांबायचा, आणि हेस्टरबाईंना न विचारता कळायचं की तो मनात मोजतोय.

मंगळवारी एक अधिकारी चौकशीला आला. चौकीची दुर्बीण बाहेरच्या माणसाच्या हाती कशी गेली, असं त्यानं विचारलं. अँब्रोज तोंड उघडणार तोच सिड पुढे झाला.

"मी दिली साहेब. माझ्याच हातात होती. आणि मीच त्या पोराला जर्मन म्हणालो होतो, तेही लिहून घ्या."

सिडला ताकीद मिळाली. हेस्टरबाईंना चौकीवर यायची बंदी झाली. डबा पायथ्याशी ठेवून जायचा असं ठरलं. त्याच आठवड्यात सिडनं दुकानातली जाळी काढून मागच्या परसात नेऊन टाकली. लिल आली, मोकळ्या गल्ल्याकडे बघत म्हणाली, "आता मटण पळालं तर मला विचारू नकोस हं." त्यानं तिला कागदात चार हाडं जास्त बांधून दिली.

महिन्याभरानं सरकारी दुर्बीण आली आणि मी घरी परतले.

नोव्हेंबरात एक दिवस तो तरुण आमच्या दारात उभा राहिला. हातांना पट्ट्या, काखेत कुबडी. नाव विटोल्ड. पोलंडचा. त्यानं वाकून हेस्टरबाईंच्या हाताचं चुंबन घेतलं आणि त्या इतक्या लाजल्या की चहात दोनदा साखर पडली, तीही रेशनची. त्याला आता थोडंथोडं बोलता येत होतं.

"दुसरी बाई कुठे? आकडीवाली?"

"ती लंडनला गेली. हंगाम संपला की जातात त्या."

"मला आभार करायचे आहेत."

"आभार मानायचे असतात," हेस्टरबाईंनी सवयीनं दुरुस्त केलं.

"हो. ते. मानायचे आहेत."

"तिनंच तुम्हाला मारायला आकडी उगारली होती, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक," विटोल्ड म्हणाला. "म्हणून तर."

लिल जाताना नणंदेचा पत्ता देऊन गेली होती, तो हेस्टरबाईंनी लिहून दिला. तो दोनदा लंडनला जाऊन आला. पत्त्यावरचं घर पडलं होतं आणि शेजाऱ्यांना माणसं कुठे गेली ते माहीत नव्हतं. वसंतात तो पुन्हा विमानावर रुजू झाला. जुलैत फ्रान्सवरून परतला नाही. त्याच्या मित्रानं चार ओळींचं पत्र पाठवलं. हेस्टरबाईंनी ते वाचून माझ्या पेटीत ठेवलं.

सप्टेंबरात पुन्हा हॉप पिकलं आणि लिल आली. थोडी बारीक झाली होती, पण आवाज तोच. हेस्टरबाई मला गळ्यात घालून मळ्यात गेल्या आणि तिला सगळं सांगितलं. लिल एका उपड्या टोपलीवर बसली.

"दोनदा आला होता?"

"दोनदा."

"आम्ही तेव्हा भुयारी स्टेशनात झोपायचो. फलाटाला कुठला आलाय पत्ता?" ती खाली बघत बोटांवरचा काळा डाग चोळत राहिली. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "दहा महिने झाले नाही का हो? सप्टेंबर ते जुलै. दहा महिने जास्त मिळाले पोराला."

"हो."

"त्याच्या आईला कळवलंय कोणी?"

"तिकडे पत्रं जात नाहीत सध्या."

"मग लढाई संपली की कळवा. लिहा, शेवटी चहा प्यायला त्यानं आमच्याकडे. बाकीचं नका लिहू."

लढाई संपल्यावर हेस्टरबाईंनी तसं पत्र लिहिलं. ते पोचलं की नाही, देव जाणे.

हेस्टरबाईंचं पुढे काय झालं, तेही सांगते. नियम बदलला. बायकांना चौकीवर घ्यायला लागले. पहिल्याच दिवशी हेस्टरबाईंनी नाव दिलं आणि निळा गणवेश घालून त्या टेकडीवर उभ्या राहिल्या, लढाई संपेपर्यंत. सरकारी दुर्बीण बाजूला ठेवून त्या मलाच वापरत. सिड म्हणायचा, "बघा मास्तरीणबाई, आता तुम्ही बटाटे खा, मी पोचवतो." आणि खरंच पोचवायचा, वर मटणाचा तुकडा ठेवून.

मग शांतता आली. पुन्हा पाखरं आली. हेस्टरबाईंच्या डोळ्यांत हळूहळू मोतीबिंदू उतरला. एक दिवस त्यांनी मला डोळ्यांना लावलं, बराच वेळ चाक फिरवत राहिल्या आणि मग हसून अँब्रोजला म्हणाल्या, "तिचा दोष नाही." त्यांनी मला पुसून पेटीत ठेवलं. त्यांच्या माघारी पेटी माळ्यावर गेली. तिथे पंचवीस वर्षं ओल, उंदीर आणि काळोख होता. माझं भिंग गेलं ते तिथे.

आता मी गावाच्या सभागृहात काचेच्या कपाटात आहे. माझ्याखाली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर साल आहे आणि 'नादुरुस्त' असा शब्द आहे. शाळेची मुलं सहलीला येतात, काचेला नाक लावतात, चिठ्ठी वाचतात आणि पुढच्या कपाटाकडे जातात. त्यात हेल्मेट आहे. हेल्मेट त्यांना जास्त आवडतं.

मित्रांनो, मी नादुरुस्त नाही. बुरशी साफ करता येते. पट्टा नवा शिवता येतो. उजवी बाजू तर आजही लख्ख आहे. कपाटाची किल्ली सभागृहाच्या रखवालदाराकडे असते. मागितली तर तो देईल. मला बाहेर काढा, मऊ फडक्यानं पुसा आणि टेकडीवर घेऊन जा. तिथे आता वाळूची पोती नाहीत, पण चंडोल अजून आहेत. मनसोक्त बघा. आणि बघून झालं की मला तुमच्याच गळ्यात अडकवून परत येऊ नका. शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात द्या. त्याचा डोळा तुमच्यासारखा नसेल. त्याला चाक थोडं पुढे, थोडं मागे फिरवावं लागेल. तेवढा वेळ त्याला घेऊ द्या.